डेट्रॉइटचं दार आणि बोम्मसंद्र्याची मतदारयादी

जानेवारी 2023 मध्ये श्री ठाणेदार अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य झाले. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, मुंबई विद्यापीठातून एमएस्सी, भाभा अणुसंशोधन केंद्रात काम, 1979 मध्ये अमेरिका, 1982 मध्ये ॲक्रन विद्यापीठाची पॉलिमर रसायनशास्त्रातली पीएचडी, मग उद्योग, मग राजकारण. आपल्याकडे ही हकिगत एकाच साच्यात सांगितली जाते: गरिबी, जिद्द, प्रयोगशाळा, संसद. त्यांच्या ‘ही ‘श्री’ची इच्छा!’ या मराठी आत्मकथनामुळे पहिल्या तीन पायऱ्या वाचकांच्या पाठच होत्या, चौथी आपसूक जोडली गेली. तिचा अर्थही ठरलेला: बुद्धिमान माणूस कुठेही गेला तरी वर येतो, आणि शास्त्रज्ञ राजकारणात आला की राजकारणाला शिस्त लागते.

हा अर्थ मला उथळ वाटतो. बंगळुरूच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावरच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत राहून तो जास्तच उथळ वाटतो. ठाणेदारांनी अमेरिकेत चालवला तोच धंदा इथे रोज चालतो: दुसऱ्याचा नमुना घ्यायचा, त्यात काय आहे ते शोधायचं, अहवाल द्यायचा. बायोकॉन इथेच वाढली, सिंजीनही. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची शेकडो मराठी रसायनपदवीधर पोरं इथल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागांत शिफ्ट करतात. बुद्धी, जिद्द, स्थलांतर, काहीच कमी नाही. तरी यांच्यातून कोणी खासदार होईल ही कल्पनासुद्धा इथे कोणाला सुचत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. स्थलांतरित शास्त्रज्ञ राष्ट्रीय राजकारणात पोचतो तो त्या देशाच्या निवडणूक व्यवस्थेत कुठलं दार कोणासाठी उघडं आहे त्यावर. त्याचं विज्ञान फार तर त्याच्या नावामागची पदवी म्हणून आत जातं. आपण माणसाचा सत्कार करत बसतो आणि दाराकडे बघत नाही, म्हणून आपल्याकडची दारं बंद आहेत हेही आपल्या लक्षात येत नाही.

1. माणूस तोच, निकाल वेगळे

विज्ञानाच्या भाषेत बोलायचं तर ठाणेदारांच्या बाबतीत आपल्याला एक आयता प्रयोग मिळाला आहे. 2018 मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले. स्वतःच्या खिशातले सुमारे एक कोटी डॉलर ओतले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, ठाणेदार तिसरे आले. 2020 मध्ये ते डेट्रॉइटमधून राज्याच्या विधिमंडळात गेले. 2022 मध्ये तेराव्या मतदारसंघातून काँग्रेससाठी उभे राहिले. या वेळीही स्वतःचा पैसा ओतला, आणि ते जिंकले.

माणूस तोच, पीएचडी तीच, जिद्द तीच. मग बदललं काय? मतदारसंघांची फेररचना झाली होती. खासदार ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त होत होत्या, रशिदा तलैब शेजारच्या बाराव्या मतदारसंघात गेल्या होत्या, त्यामुळे तेरावा मोकळा होता. डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी नऊ जण रिंगणात होते. मतं इतकी फुटली की 28 टक्क्यांवर ठाणेदार पहिले आले. दुसऱ्या क्रमांकावरचे ॲडम हॉलियर फार मागे नव्हते. डेट्रॉइटसारख्या शहरात डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती उरते. म्हणजे पक्षाच्याच मतदारांपैकी बहात्तर टक्क्यांनी दुसऱ्या कोणालातरी मत दिलं आणि तरीही खासदार ठरला.

इथे अमेरिकन प्राथमिक निवडणुकीचं यंत्र नीट समजून घ्यायला हवं, कारण मराठी लेखनात ते जवळजवळ कधीच येत नाही. मिशिगनमध्ये पक्षाचं तिकीट कुठला अध्यक्ष किंवा हायकमांड देत नाही. काँग्रेससाठी हजार वैध सह्या जमवल्या की नाव मतपत्रिकेवर. मतदारालाही पक्षाचं सदस्य असावं लागत नाही. मतपत्रिकेवरच्या ज्या पक्षाच्या रकान्यात त्याला मत द्यायचं असेल तिथे तो देतो. पक्षाच्या नेत्यांना तुम्ही नको असलात तरी ते तुम्हाला थोपवू शकत नाहीत, फार तर विरोधात प्रचार करू शकतात. अशा रचनेत दोनच भांडवलं लागतात: नाव ओळखीचं असणं, किंवा ते ओळखीचं करण्याइतका पैसा. ठाणेदारांकडे दुसरं होतं, आणि 2018 च्या पराभवाने त्यातून पहिलंही तयार झालं. 2024 मध्ये हॉलियर पुन्हा आव्हान द्यायला निघाले होते, पण वैध सह्या कमी पडल्याने त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. दार जसं उघडतं तसं लागतंही, आणि दोन्ही वेळा बिजागरी तीच.

‘पैशाने जिंकणं ही काय लोकशाही?’ हा प्रश्न इथे येणारच, आणि तो रास्त आहे. 1955 पासून डेट्रॉइटमधून काँग्रेसमध्ये किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी सतत होता. ठाणेदारांच्या विजयाने ती परंपरा खंडित झाली. बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या शहरात, नुकत्याच राहायला आलेल्या एका धनाढ्य माणसाने ती जागा घ्यावी, ही सल तिथल्या लोकांना आहे आणि ती द्वेषातून आलेली नाही. आपल्या अभिनंदनाच्या लेखांत ही माणसं दिसत नाहीत. उघड्या दारातून कोण येईल यावर दाराचा ताबा नसतो. तरी बंद दारापेक्षा ते बरं, असं मी म्हणतो. का ते पुढे.

2. सचोटी कुठे राहते?

दुसरी समजूत अशी की शास्त्रज्ञ आपली वस्तुनिष्ठता सोबत घेऊन राजकारणात येतो. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला यावर हसू यायला हवं.

एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर एखादा नमुना लावला, आलेख आला. ॲनालिस्टने पीकची बेसलाइन हाताने जराशी सरकवली, तर ती कोणी, किती वाजता, काय कारण देऊन सरकवली याची नोंद ऑडिट ट्रेलमध्ये बसते. जुनी किंमत खोडता येत नाही, नवी तिच्या शेजारी उभी राहते. त्यावर दुसरा माणूस रिव्ह्यू करतो, त्यावर क्यूएची (गुणवत्ता हमी विभागाची) सही. निकाल मर्यादेबाहेर गेला तर ‘पुन्हा लावून बघू’ म्हणून पास होईपर्यंत लावत बसता येत नाही. आधी ओओएस (मर्यादेबाहेरच्या निकालाचा) तपास काढायचा, चूक प्रयोगशाळेची की बॅचची ते कागदावर सिद्ध करायचं. अमेरिकेच्या एफडीएचा तपासनीस बोम्मसंद्र्यात येतो तेव्हा छापील अहवालावर समाधान मानत नाही, ऑडिट ट्रेल उघडायला लावतो.

हे सगळं का? कारण शास्त्रज्ञ स्वभावाने प्रामाणिक असतो यावर या धंद्यात कोणाचाच भरवसा नाही. त्याची सचोटी त्याच्याभोवतीच्या रचनेत असते. तोच माणूस रचनेबाहेर काढला की इतरांइतकाच चांगला किंवा वाईट असतो. राजकारणात ऑडिट ट्रेल नाही. कालचं विधान आज सरकवलं तर कारण लिहावं लागत नाही.

ठाणेदारांच्याच कारकिर्दीत याचे दाखले आहेत. 1991 मध्ये सेंट लुईसमधली केमिर ही छोटी प्रयोगशाळा त्यांनी विकत घेतली, वाढवली, कर्ज काढून आणखी कंपन्या घेतल्या. मंदीनंतर 2010 मध्ये बँकेने सगळं ताब्यात घेतलं. त्यांच्या न्यू जर्सीतल्या चाचणी केंद्रातले कुत्रे आणि माकडं तेव्हा अडकून पडली. हा विषय 2018 च्या प्रचारात निघाला, तेव्हा ताबा बँकेचा होता असं उत्तर त्यांनी दिलं. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध सात कलमांचा महाभियोग ठराव आणला. मे महिन्यात त्यावर मतदान घडवून आणण्याचा पवित्रा घेतला, आणि स्वपक्षीयांची नाराजी दिसताच तो मागे घेतला. यात निंद्य काही आहे असं मी म्हणत नाही. आव्हान समोर असलेला कोणताही खासदार करतो तशीच ही राजकीय गणितं. त्यांत पॉलिमर रसायनशास्त्र शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही, इतकंच.

‘मग वाइझमन?’ असा एक चांगला प्रतिप्रश्न आहे. चाइम वाइझमन बेलारूसमधल्या खेड्यातून निघून 1904 मध्ये मँचेस्टरला आलेले रसायनशास्त्रज्ञ. जिवाणूंकडून किण्वनाने ॲसिटोन काढायची त्यांची पद्धत पहिल्या महायुद्धात ब्रिटनला दारूगोळ्यासाठी लागली. त्यातून ब्रिटिश मंत्र्यांशी त्यांचे संबंध दाट झाले, आणि 1949 मध्ये ते इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. इथे विज्ञानच किल्ली ठरलं ना? काही अंशी हो. पण युद्ध नसतं तर त्या ॲसिटोनसाठी मंत्र्याचं दार उघडलं नसतं, आणि वाइझमन ब्रिटिश मतदाराकडे मत मागायला कधी गेलेच नाहीत. दरबारात विज्ञान चालतं. मतपेटीसमोर त्याची पत वेगळी.

3. दोन गणिती-भौतिकी माणसं

ठाणेदारांच्या आधी सहासष्ट वर्षं एक भारतीय शास्त्रशाखेचा माणूस अमेरिकन काँग्रेसमध्ये बसला होता. दलीपसिंग सौंद, अमृतसर जिल्ह्यातले, बर्कलेहून 1924 ची गणितातली पीएचडी. गणितात पीएचडी असली तरी भारतीयाला तेव्हा नोकरी मिळत नव्हती, म्हणून ते कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत शेतीत शिरले. आशियाई परदेशी माणसाला शेतजमिनीची मालकी कायद्याने बंद होती. नागरिकत्वही बंद होतं. त्यासाठी लढणाऱ्यांत ते स्वतः होते. 1946 मध्ये ल्यूस-सेलर कायदा झाला, 1949 मध्ये सौंद नागरिक झाले. 1950 मध्ये वेस्टमोरलंडला न्यायाधीश म्हणून निवडून आले, पण नागरिकत्वाला वर्ष झालं नव्हतं म्हणून पद नाकारलं गेलं. 1952 मध्ये पुन्हा उभे राहिले, पुन्हा जिंकले. 1956 मध्ये काँग्रेस.

क्रम पाहा: कायदा, नागरिकत्व, गावचं न्यायाधीशपद, काँग्रेस. गणित 1924 मध्येच पूर्ण झालं होतं. पुढची बावीस वर्षं सौंद तितकेच बुद्धिमान होते आणि राजकीय दृष्ट्या शून्य होते. ठाणेदार पैशाच्या जोरावर डेट्रॉइटमध्ये आले, सौंद त्या खोऱ्यात तीस वर्षं राबले. माझ्या मनात दुसऱ्याबद्दल जास्त आदर आहे हे लपवत नाही. पण दोघांच्याही बाबतीत शेवटचा अडसर व्यवस्थेने काढला.

आणि आपल्याकडे मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातले, जात आणि गरिबी दोन्हींशी झगडून आलेले, ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारं समीकरण ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत 1952 मध्ये ते वायव्य कलकत्त्यातून, डाव्यांच्या पाठिंब्यावर, लोकसभेत गेले. त्यांचं जन्मगाव तोवर पाकिस्तानात गेलं होतं आणि शहर निर्वासितांनी भरलं होतं. लोकसभेत साहा निर्वासितांबद्दल बोलले, नदीखोऱ्यांबद्दल बोलले, आणि 1954 मध्ये अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर सभागृहात चर्चा घडवून त्यांनी सरकारी धोरणाला धारेवर धरलं.

माझ्या म्हणण्याला साहा हा सगळ्यात जड अपवाद आहे. इथे विज्ञान सभागृहापर्यंत खरोखर पोचलं. का पोचलं, तर साहा कोणाच्या नेमणुकीने आले नव्हते. राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त शास्त्रज्ञांची आपली परंपरा मोठी आहे: सत्येंद्रनाथ बोस, राजा रामण्णा, कस्तुरीरंगन, स्वामिनाथन. माणसं थोर, यात शंका नाही. पण सरकारनेच सन्मानाने बसवलेल्या शास्त्रज्ञाने सरकारच्या विज्ञानधोरणाला साहांसारखं सोलून काढणं अवघड असतं. साहांच्या मागे मतदार होते. विज्ञान सभागृहात उपयोगी पडायचं तर शास्त्रज्ञाला आधी मतं मिळवता यायला हवीत, म्हणजे पुन्हा दाराचाच प्रश्न.

4. चिकोडी आणि बेंगळुरू ग्रामीण

आता कल्पना करा, ठाणेदार 1979 मध्ये अमेरिकेऐवजी बंगळुरूला आले असते. बोम्मसंद्र्यात प्रयोगशाळा काढली असती, बुडवली असती, पुन्हा उभी केली असती. हे सगळं इथे घडलेलं आहे, घडतं. मग खासदारकीला ते कुठून उभे राहिले असते?

जन्मगावाकडून? 2024 मध्ये चिकोडी लोकसभा मतदारसंघातून काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळी जिंकल्या, राज्यातले मंत्री सतीश जारकीहोळी यांच्या कन्या. पडले ते भाजपचे खासदार अण्णासाहेब जोल्ले. त्यांच्या पत्नी शशिकला निपाणीच्या आमदार.

राहत्या गावाकडून? बोम्मसंद्रा आनेकल तालुक्यात, म्हणजे बेंगळुरू ग्रामीण लोकसभा मतदारसंघात. गंमत म्हणजे 2024 मध्ये इथे खरोखरच विज्ञानाच्या अंगाने आलेला माणूस जिंकला. डॉ. सी. एन. मंजुनाथ, जयदेव हृद्रोग संस्थेचे वर्षानुवर्षं संचालक. पैशाअभावी रुग्ण परत पाठवायचा नाही, आधी उपचार मग पैसे, हे धोरण त्यांनी सरकारी संस्थेत राबवलं. अडीच लाखांहून अधिक मतांनी जिंकले. त्या मतांत रुग्णांची कृतज्ञता होती हे नाकारणं कोतेपणाचं ठरेल. पण डॉ. मंजुनाथ हे माजी पंतप्रधान देवेगौडांचे जावई आहेत, जनता दल आणि भाजपच्या युतीत तिकीट भाजपचं मिळालं, आणि त्यांनी हरवलेले डी. के. सुरेश हे काँग्रेसचे नेते डी. के. शिवकुमार यांचे बंधू. मतदाराने त्यांना डॉक्टर म्हणून निवडलं असेल. मतदारासमोर ते आले ते घरातल्या दारातून.

लोक अडाणी आहेत किंवा घराणेशाही हा आपला स्वभाव आहे, असा निष्कर्ष यातून काढणं मला मान्य नाही. उमेदवार ठरवण्याची जागा आपल्याकडे मतदाराच्या हातात नाहीच. हजार सह्यांचा मार्ग इथे नाही. तिकीट वरून येतं, आणि वर बसलेल्याला ओळखीचा चेहरा म्हणजे बहुतेक वेळा घरातला चेहरा. डेट्रॉइटचं दार पैशाला उघडं आहे. आपलं दार पैसा आणि नातं दोन्ही मागतं. म्हणून मघाशी म्हटलं, ते बरं.

कायद्यात आपल्याकडे अडथळा नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवं. देशातल्या कुठल्याही मतदारयादीत नाव असलेला माणूस साधारणपणे कुठूनही लोकसभेला उभा राहू शकतो. राज्यसभेसाठीची त्याच राज्याच्या रहिवासाची अट 2003 मध्ये काढली गेली. पुण्याचे मधू लिमये बिहारमधल्या मुंगेरहून आणि बांक्याहून निवडून आले. मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस 1967 मध्ये दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडून लोकसभेत गेले. तेव्हा दार उघडलं होतं ते कामगार संघटनेने आणि समाजवादी चळवळीने. ती माणसं तिथे आधी तुरुंगात आणि संपात दिसली होती, मग मतपत्रिकेवर. चळवळी आटल्या आणि ते दार गंजलं.

5. यादीत नसलेली माणसं

तिकिटाच्याही आधीचं एक दार आहे आणि त्याला दोष देताना पक्षांकडे बोट दाखवता येत नाही. बेंगळुरू ग्रामीणचं मतदान 26 एप्रिल 2024 रोजी झालं, चिकोडीचं 7 मे रोजी. बोम्मसंद्र्यातल्या माझ्या मराठी सहकाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं गावाकडच्या यादीत होती. 26 ला इथे पगारी सुटी मिळाली, ती कपडे धुण्यात आणि झोपण्यात गेली. 7 मे रोजी पाचशेहून अधिक किलोमीटरवर गाव, दुसऱ्या दिवशी शिफ्ट. जाणारे गेले, बाकीचे राहिले. सहा-सात वर्षं इथे राहणारी, इथे भाडं भरणारी, टँकरच्या पाण्यासाठी इथल्या घरमालकाशी भांडणारी ही माणसं. ओडिशा-बिहारहून आलेल्या कामगारांचं तर विचारूच नका.

याचा परिणाम जुलै 2024 मध्ये उघड दिसला. कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या 50 टक्के आणि इतर 70 टक्के जागा स्थानिकांसाठी राखण्याचं विधेयक मंजूर केलं. स्थानिक म्हणजे राज्यात जन्म, पंधरा वर्षं वास्तव्य, आणि कन्नड लिहिता-वाचता-बोलता येणं. (चिकोडीत जन्मलेला माणूस यातल्या पहिल्या अटीत बसतो, कोल्हापूरचा बसत नाही, अंतर तासाभराचं.) एक-दोन दिवसांत ते बाजूला ठेवलं गेलं. कोणाच्या बोलण्याने? बायोकॉनच्या किरण मजुमदार-शॉ आणि इतर उद्योजकांच्या, उद्योगसंघटनांच्या. ज्यांच्या नोकऱ्यांबद्दल विधेयक होतं त्यांच्या आवाजाची गरजच पडली नाही, कारण त्यांच्या मतांनी इथला एकही आमदार पडत नाही. कन्नड माणसाची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. आपल्या गावात कारखाने यावेत आणि आपल्या पोरांना दाराशी उभं करावं, हा राग मुंबईत आपण 1966 पासून दाखवला आहे. डेट्रॉइटने चिकोडीच्या माणसाला स्वीकारलं म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या मराठी माणसाने दादरमध्ये काय केलं असतं, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

‘आम्ही इथे कायमचे थोडेच आलो आहोत?’ हा बोम्मसंद्र्यातला सगळ्यात प्रामाणिक आक्षेप. गावाकडचं मत म्हणजे गावाकडचा हक्क: जमिनीचा उतारा, रेशन, भावकीतलं वजन. निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली ती याच भावनेला धरून: बोम्मसंद्र्यात बसून चिकोडीचं बटण दाबा. पक्षांनी विरोध केला आणि ते मागे पडलं. मला ते मागे पडल्याचं दुःख नाही. त्या यंत्राने स्थलांतरिताला कायमचं परगावचं केलं असतं. नळाचं पाणी, बस, भाडेकरार, कारखान्याचं सांडपाणी हे सगळं जिथे आहे तिथलं मत त्याच्या हातून कायमचं सुटलं असतं. जिथे सामान्यतः राहतो तिथल्या यादीत नाव घालायचा हक्क 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. त्यासाठी फॉर्म 8 भरावा लागतो, राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, आणि भाडेकरार द्यायला घरमालक का-कू करतो. खरी लढाई त्या कागदाची आहे.

कायमचे तर सौंदही गेले नव्हते. 1920 मध्ये ते अमेरिकेत उतरले ते अन्न डबाबंद करण्याचं शास्त्र शिकायला. ते शिकून परत जायचं, पंजाबात आंबे डब्यात भरायचे, असा बेत होता.